पुड्यावरची गौरम्मा

लातूरच्या मंगल कार्यालयात दुसरी पंगत बसली, वाढपी आमटीची बादली घेऊन फिरला, आणि गौरम्मांनी पहिला भुरका मारला तो गिळायलाच त्यांना वेळ लागला. आमटी येसराची होती. तिखट होती, रंगही बरा होता, शेजारची बाई तर दुसऱ्यांदा मागून घेत होती. पण गौरम्मांच्या जिभेला ते पीठ परकं लागलं. धने जरा जास्त भाजलेले, बाजरी कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेली. लोकाच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत ही त्यांची शिस्त, म्हणून त्यांनी पान स्वच्छ केलं, हात धुतले आणि सरळ आचाऱ्याकडं निघाल्या.

येसर ही काय वस्तू आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढं ऐकून घ्यावं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने, मिरची, खोबरं भाजून त्यात घालायचं आणि दळायचं. त्या पिठाची आमटी लग्नाच्या पानात नसली तर आमच्याकडची म्हातारी माणसं जेवूनही उपाशीच उठतात. गौरम्मा चाळीस वर्षं मुखेडात हे येसर करत आल्या होत्या. नवरा संगप्पा गेला तेव्हा पोरगा मल्लेश चौथीत होता. त्याचं सगळं शिक्षण त्या भाजणीच्या धुरातूनच झालं.

त्यांची एक अट होती. ज्याच्या घरी लग्न आहे त्यानं स्वतः मुखेडला त्यांच्या उंबऱ्यावर यायचं आणि येताना आपल्या रानातलं मूठभर धान्य आणायचं. गौरम्मा त्यातले चार दाणे चावून बघत, माती कुठली, दाणा किती जून, ते त्यांना कळे. आणि मग ती मूठ त्या घराच्या येसरात मिसळून जाई. घरची मूठ, असंच तिला म्हणत. मूठ नाही तर येसर नाही, मग समोर आमदाराचा माणूस का येईना. फोनवर त्यांनी कधी एक किलोसुद्धा लिहून घेतलं नाही, कारण फोनमधून मूठ येत नाही.

मल्लेशला हे पटत नसे. तो लातुरात राहायला गेला, चार ठिकाणी नोकऱ्या करून बघितल्या, आणि दर दिवाळीला आला की त्याचं एकच पालुपद असे. अव्वा, आता सगळा धंदा फोनवर आहे, तुझं नाव टाकू, फोटो टाकू, पुण्या-हैदराबादेपर्यंत माल जाईल. दोन दिवाळ्यांमागं गौरम्मांनी वैतागून त्याला शेवटचं सांगून टाकलं होतं, की मी जिती हाय तवर हे चालायचं न्हाई, मी मेल्यावर काय करायचं ते कर. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. पोरगा समजूतदार झाला, असं त्यांनी आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलंही.

पण अलीकडं लातूरकडची माणसं यायची थांबली होती. गेल्या वर्षी कमी आली, या वर्षी एकही नाही. औसा, निलंगा, खुद्द लातूर, जिथून उन्हाळ्यात वीस-पंचवीस घरं यायची तिथून कुणी फिरकेना. मुखेडचीच सहा घरं काय ती आली. लातूरच्या केवळाबाईचंसुद्धा काही कळलं नव्हतं, आणि केवळाबाई म्हणजे नुसतं गिऱ्हाईक नव्हे. तिच्या घरची तीन लग्नं गौरम्मांच्या येसरावर झाली होती आणि दर खेपेला ती मुक्कामाला राहून भाजणीपाशी बसून गप्पा मारून गेली होती. गौरम्मा मनातून तिच्यावर रुसल्या होत्या. तीही फोनवरच मागवत असेल, म्हणून त्यांनी आपणहून तिला विचारलं नव्हतं. असंच चाललं तर यंदा भट्टी मोडायची, हेही त्यांनी मनाशी ठरवत आणलं होतं.

लातूरला त्या आल्या होत्या लुंबिनीबरोबर. लुंबिनी त्यांच्याकडं अकरा वर्षं भाजणीला होती आणि हे लग्न तिच्या मामेबहिणीचं होतं. जेवण नवऱ्या मुलाकडचं, नाहीतर लुंबिनीनं दुसऱ्याचं येसर तिथं शिजूच दिलं नसतं. मल्लेशला गौरम्मांनी येतेय म्हणून कळवलं नव्हतं. लग्न उरकून अचानक त्याच्या दारात उभं राहायचं, असा त्यांचा बेत होता.

तर त्या आचाऱ्याकडं गेल्या. पंढरी त्याचं नाव. घामाघूम होऊन कढईमागं बसला होता. येसर कुठलं रं बाबा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं मान वर न करता पायापाशी पडलेला एक रिकामा पुडा उचलून त्यांच्या हातात दिला. मग मान वर केली. गौरम्मांकडं बघितलं, पुड्याकडं बघितलं, परत गौरम्मांकडं बघितलं आणि अदबीनं उठून उभा राहिला.

“मावशी, ह्या तुमच्या कोन लागत व्हत्या?”

पुड्यावर गौरम्मांचा फोटो होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नाकात चमकी, हसरा चेहरा. फोटोला चंदनाचा हार होता. खाली लिहिलं होतं, ‘लिं. गौरम्मा यांचे पारंपरिक येसर’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘आजी गेल्या, चव राहिली’. लिंगायतात माणूस गेलं की त्याच्या नावामागं लिंगैक्य लावतात, त्याचंच ते लिं. गौरम्मांनी आयुष्यात शेकडो पत्रिकांवर ते वाचलं होतं. सासऱ्यांच्या नावामागं वाचलं होतं, संगप्पाच्या नावामागं वाचलं होतं. आपल्या नावामागं ते दोन वेळा वाचूनही त्यांना त्याचा अर्थ लागेना. हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तिथंच घट्ट बसून राहिला.

आचाऱ्याला काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवेना. लुंबिनी मागोमाग आली होती. तिनं पुडा बघितला. भांडी घासायच्या जागेमागं दोन खुर्च्या होत्या, तिथं तिनं गौरम्मांना बसवलं आणि पुड्यावरचं नाव फोनमध्ये शोधलं. शोधायला काही वेळ लागला नाही. तोच फोटो, तोच हार. दीड वर्षापूर्वी टाकलेला. खाली तीनशे बारा लोकांनी लिहिलं होतं.

काय लिहिलंय ते वाच, असं गौरम्मांनी सांगितलं. लुंबिनी नको म्हणत होती. त्यांनी परत सांगितलं, म्हणून तिनं खालच्या आवाजात वाचायला घेतलं. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. आजी, तुमच्या हाताला जी चव होती ती आता कुठली. एका माणसानं लिहिलं होतं, की माझ्या लग्नाच्या वेळी आमच्याकडं शेत नव्हतं, मूठ कुठून आणू म्हणून माझी आई रडत होती, तेव्हा आजींनी स्वतःच्या डब्यातली मूठ आईच्या हातात घातली आणि म्हणाल्या, ही तुझीच. गौरम्मांना ते घर आठवलं. त्या बाईनं तेव्हा साधे आभारसुद्धा मानले नव्हते. खोटं कशाला बोला, हे ऐकताना त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची फार लाजही वाटली.

“अन् हे बगा काकू, लातूरच्या रुद्राणीबाईचं,” लुंबिनी म्हणाली. रुद्राणी म्हणजे केवळाबाईची सून. तिनं लिहिलं होतं, आमच्या घरच्या तिन्ही लग्नांचं येसर तुमच्या हातचं, मावशी. आता माझ्या लेकीच्या लग्नाला आम्ही कुणाच्या दारात जायचं?

म्हणजे लोक रुसले नव्हते. आळशी झाले नव्हते, विसरलेही नव्हते. लातूरचा माणूस मुखेडला येत नव्हता, कारण तिथं येसर करणारी बाई जिवंत नव्हती. गौरम्मा खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पुडा होता, आणि त्यांचे पाय थंड पडत चालले होते. भर मे महिन्यात लुंबिनीनं ते पाय चोळले.

पुड्याच्या मागच्या बाजूला फोन नंबर होता. लुंबिनीनं तो आपल्या फोनमध्ये घातला आणि फोनवर नाव उमटलं ते तिनं गौरम्मांना वाचून दाखवलं नाही, नुसतं समोर धरलं. मल्लेशदादा, असं तिथं दिसत होतं.

रिक्षानं त्या त्याच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत भिंतीला लावून खोकी रचलेली, खोक्यांवर हारातली गौरम्मा, एकावर एक, पार छतापर्यंत. मल्लेश खाली बसून पुड्यांना चिकटपट्टी लावत होता. त्यानं वर बघितलं आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. अव्वा, एवढंच म्हणाला. गौरम्मा आत गेल्या नाहीत. उंबऱ्यातच बसल्या.

त्या ओरडतील, असं लुंबिनीला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातला पुडा त्याच्यासमोर ठेवला आणि हे कुणी लिहिलं, एवढंच विचारलं. मल्लेश बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत राहिला. मग तुटक तुटक सांगू लागला. पुडा छापायला दिला तो फ्लेक्सवाल्याकडं. त्याचं सगळं काम वाढदिवसाचं आणि श्रद्धांजलीचं. म्हातारी बाई, कपाळाला विभूती, फोटो जुना, तेव्हा त्यानं न विचारताच आपल्या सवयीनं हार टाकला आणि नावामागं लिं. लावलं. तोच फोटो त्यानंच फोनवरही चढवला. मल्लेशनं दुसऱ्या दिवशी बघितलं.

“मी त्याला काडायलाच सांगनार व्हतो, अव्वा. पन तवर खाली सत्तर लोकांनी श्रद्धांजली लिवली व्हती, अन् त्याच दिवशी सगळे पुडे गेले. पहिल्यांदाच माझं कायतरी चाललं. म्हनलं, उद्या काडू. मग उद्या, मग परवा.” तो थांबला. मग खाली बघून म्हणाला, “अन् तूच म्हनली व्हतीस. मेल्यावर कर.”

आपलेच शब्द पोरानं असे जपून ठेवले असतील आणि असे वापरले असतील, हे गौरम्मांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पुड्यात मूठ कुणाची घालतोस, असं त्यांनी हळूच विचारलं. मल्लेश म्हणाला, मूठ कुठली, अव्वा, मोंढ्यातल्या अडत्याकडून पोतीच येतात.

मग त्यांनी त्याला सांगितलं, की आत्ताच्या आत्ता ते काढ आणि आई जिवंत हाय म्हणून लिही. मल्लेश रडकुंडीला आला. असं एकदम लिहिलं तर लोक फाडून खातील, म्हणाला. आईला मारून धंदा केला म्हणतील, लातुरात तोंड दाखवता येणार नाही. चार दिवस दे, कायतरी रीत काढतो. गौरम्मांना त्याची दयाही आली, तो त्यांचाच होता. पण चार दिवस आणखी मेलेलं राहायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं.

ज्या बाईनं चाळीस वर्षांत फोनवर एक किलो लिहून घेतलं नाही, त्या बाईनं लुंबिनीला सांगितलं, तुझ्या फोनात माझं तोंड घे. पदर सारखा केला, उंबऱ्यात ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “मी मुखेडची गौरम्मा. मी जिती हाय. मला काय झालं न्हाई. भट्टी चालू हाय, दार उघडं हाय, मूठ घेऊन या.” लुंबिनीनं ते त्याच श्रद्धांजल्यांच्या खाली चढवलं. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली आणि ती लुंबिनी वाचून दाखवू लागली.

हा खोटा व्हिडिओ आहे. आजकाल मशीनवर कुणाचाही चेहरा असा बोलता करता येतो. गेलेल्या माणसाचा असा वापर करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. आजींना शांतपणे झोपू द्या. शेवटचं होतं त्या शेत नसलेल्या माणसाचं: आजींची अशी चेष्टा मी खपवून घेणार नाही, पोलिसात देईन.

गौरम्मांनी ते दोनदा वाचायला लावलं. ज्याच्या आईला त्यांनी मूठ दिली होती, तोच आता त्यांची बाजू घेऊन त्यांच्यावर तुटून पडला होता. त्या हसायला गेल्या, ते जमलं नाही, आणि त्यांना रडू आलं. मल्लेश पाणी घेऊन आला ते त्या प्याल्या नाहीत.

मग त्यांना केवळाबाई आठवली. केवळाबाईला साऱ्या लातुरातली निम्मी लग्नघरं ओळखत होती. तिनं एकदा सांगितलं, की गौराला मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तर कुणाची हिंमत आहे खोटं म्हणायची. शिवाय तिला समोर बघायचं म्हणजे वर्षाचा रुसवाही संपणार होता. घर औसा रस्त्याला आहे, दारात कडुलिंब आहे, एवढं केवळाबाईनं भाजणीपाशी बसून कितीदा सांगितलेलं. चाळीस वर्षांत गौरम्मा कुठल्या गिऱ्हाइकाच्या दारात स्वतःहून गेल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि लुंबिनीला म्हणाल्या, चल.

कडुलिंब सापडला. दार रुद्राणीनं उघडलं. ती बघतच राहिली. गौरम्मांनी आपला हात पुढं केला. रुद्राणीनं तो धरला, वळवून तळवा बघितला, मनगट दाबून बघितलं.

“ऊन लागतोय हात,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग गौरम्मांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली.

गौरम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ही पोर आपल्यासाठी रडतेय, असंच त्यांना वाटत होतं. मी हाय गं, मला काय झालं न्हाई, असं त्या समजावत होत्या. सासूला हाक मार, म्हणावं गौरा आली, तिच्याशी भांडायचं हाय मला. रुद्राणी बाजूला झाली. डोळे पुसले. आणि गौरम्मांना आतल्या भिंतीवरचा फोटो दिसला. चंदनाचा हार, नावामागं लिं. तेच सगळं. फक्त हे खरं होतं.

“कवा?” गौरम्मांनी विचारलं.

गेल्या श्रावणात, असं रुद्राणी म्हणाली. तीन दिवस ताप, एवढंच निमित्त. पण त्याआधी सात-आठ महिने त्यांची तब्येत उतरतच होती, ज्या दिवशी फोनवर ते बघितलं त्या दिवसापासून. दोन दिवस जेवल्या नाहीत. नातीच्या लग्नाचं येसर आपणच आणायला जायचं म्हणून मुठीचं धान्य बांधून ठेवलं होतं, ते काढून ठेव म्हणाल्या. आता ही मूठ कुणाच्या पदरात घालायची, असं विचारत राहिल्या.

“मला कळवलं का न्हाई गं कुनी?” गौरम्मा म्हणाल्या. “मी पाया पडायला तरी आले असते. माती द्यायला आले असते.”

रुद्राणीनं त्यांच्याकडं बघितलं. “तुम्हाला कसं कळवनार, मावशी?” ती म्हणाली. “तुम्ही तर गेला व्हता.”

गौरम्मा तिथंच ओट्यावर बसल्या. धक्क्याचेही थर असतात. दुपारपासून त्यांना वाटत होतं, की पोरानं आपला धंदा घेतला, नाव घेतलं, आपण परत मिळवू. पण ही जी गेली ती आपल्या मरणाचं दुःख करत गेली, आणि आपण मात्र मुखेडात बसून तिच्यावर रुसून राहिलो. एकदा विचारलं असतं. एकदा लुंबिनीच्या फोनवरून नुसतं विचारलं असतं, केवळा, कशी हाईस. ज्याला गरज त्यानं उंबऱ्यावर यावं, हा आपला ताठा. पोराचं चुकलं ते चुकलंच, पण दार एकाच बाजूनं उघडायचं ठेवलं होतं ते आपणच, हे त्यांना तिथं बसल्याबसल्या लख्ख कळलं, आणि ते कळणं त्यांना सहन होईना.

रुद्राणी आत जाऊन एक पुरचुंडी घेऊन आली. जुन्या लुगड्याचा तुकडा, दोन गाठी. गौरम्मांनी त्या सोडल्या. ज्वारी होती, तिला पोरकिडा लागला होता, निम्मा दाणा पोकळ. त्यांनी सूप मागितलं. ओट्यावरच बसून त्यांनी ती मूठ पाखडली, एकेक दाणा निवडला. चांगले निघाले ते मूठभरसुद्धा नव्हते. त्यातले चार त्यांनी तोंडात टाकून चावले आणि डोळे मिटले. तळ्याकडच्या रानातली हाय, असं त्या म्हणाल्या. रुद्राणीनं मान डोलावली. मळ्याच्या खालचं तळ्याकाठचं ते चार गुंठ्यांचं रान सासूबाईंनी शेवटपर्यंत स्वतः पेरलं होतं.

लेकीचं लग्न कधी, असं त्यांनी विचारलं. पुढच्या सोळा तारखेला, रुद्राणी म्हणाली. येसर मी देते, असं सांगून गौरम्मांनी उरलेले दाणे परत त्याच फडक्यात बांधले आणि कमरेला खोचले.

तेवढ्यात लुंबिनीचा फोन वाजला. मल्लेश होता. त्यानं हार काढला होता, लिं. खोडलं होतं. खाली काय लिहू ते अव्वाला विचार, असं म्हणत होता. तू म्हणशील ते लिहितो, लोकांनी मारलं तरी चालेल. लुंबिनीनं फोन गौरम्मांपुढं धरला. जिती हाय हे त्यांनी मघाशी सांगून बघितलं होतं, ते कुणी ऐकलं नव्हतं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “लातूरच्या केवळाबाई गेल्या श्रावणात लिंगैक्य झाल्या. ते मला आज कळलं. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली माझं नाव घाल. गौरम्मा, मुखेड.”